टाकीच्या पाइपातलं भोक

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घरात माशांची टाकी आहे. दुकानात तयार मिळते तशी नाही. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ती स्वतः जोडली. वर काचेची लांब टाकी, तिच्याखाली लाकडी कपाट आणि कपाटाच्या आत आणखी एक लहान टाकी. वरचं पाणी मागच्या पाइपातून खालच्या टाकीत उतरतं. तिथे स्पंजातून आणि खड्यांतून गाळलं जातं. मग मोटर ते दुसऱ्या पाइपातून परत वर चढवते. हे कंपनीत पाइपलाइनच्या दुरुस्तीला होते. टाकी जोडून झाली त्या दिवशी म्हणाले, जन्मभर दुसऱ्याच्या पाइपांना पाने लावले, आता ही एक लाइन आपली.

ते हिंडतेफिरते होते तोवर मी ते कपाट उघडलं नव्हतं. माशांना दाणे टाकायचे आणि काच पुसायची, एवढंच माझं काम. आधी टाकीत पुष्कळ मासे होते. मग ह्यांनी एक काळा-केशरी मासा आणला, बोटाएवढा. तो वाढत गेला तसा बाकीच्यांना मारू लागला. शेवटी तो एकटाच उरला, तळहाताहून मोठा. हे शिफ्टवरून आले की तो काचेशी येऊन उभा राहायचा. मी गेले तर यायचा नाही.

एका सकाळी कामावर निघताना हे उंबऱ्यात चप्पल घालायला वाकले आणि तसेच कलंडले. पनवेलला नेलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घरी आणल्यावर कॉट पुढच्या खोलीत टाकली. टाकी तिथेच होती, बरोबर समोर.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे ह्यांना प्रश्न असा विचारायचा की उत्तर हो किंवा नाही असंच येईल. हो असेल तर डोळे मिटायचे, नाही असेल तर उघडे ठेवायचे. दुसरी गोष्ट त्यांनी मला बाहेर ओट्यावर नेऊन सांगितली. म्हणाल्या, "आवाज काढायची खटपट ते करतायत तोवर थोडं तरी बोलणं परत येऊ शकतं. त्यांनी खटपट सोडली तर मग अवघड आहे. त्यांना कशात तरी गुंतवून ठेवा."

हे कशातच गुंतत नव्हते. टीव्ही लावला तर तोंड फिरवायचे. माणसं भेटायला आली तर छताकडे बघत राहायचे. फक्त तो मासा काचेशी आला की ह्यांच्या घशातून 'आ' असा आवाज यायचा. मासा वळला की पुन्हा आवाज. एकदा डावा हात उचलून टाकीच्या दिशेने नेला, तेव्हा बाई म्हणाल्या, "हे छान आहे. हा मासा जपा हं."

मग मी मासा जपायला लागले.

लवकरच कपाटातून पाणी ठिबकू लागलं. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा मला काहीच समजेना. पांढरे पाइप, कुठे वळलेले, कुठे जाड झालेले. मग मी खाली बसून पाण्याच्या मागे मागे गेले. मी मिठागरातल्या घरात वाढले. चौथीनंतर शाळा सुटली, पण पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कुठे जातं हे आम्ही पोरं चालायला लागल्यापासून बघतो. मिठाच्या एका वाफ्यातलं, म्हणजे कोंडीतलं, पाणी दुसऱ्या कोंडीत कसं सोडतात ते मला माहीत होतं. इथेही तेच होतं, फक्त पाणी झाकलेलं होतं.

जिथून पाणी ठिबकत होतं तो जोड मोठ्या नटाचा होता. रोह्याला हार्डवेअरच्या दुकानात जायचं मला फार जड गेलं. तिथे सगळी पुरुषमाणसं उभी असतात आणि मला गर्दीत तोंडातून शब्द फुटत नाही. मी मोटर बंद केली, नळाची कडी आडवी केली आणि तो नट हाताने सोडवून पिशवीत घेऊन गेले. माझी पाळी आल्यावर काही न बोलता पिशवीतून काढून तो काउंटरवर ठेवला.

दुकानदार म्हणाला, "युनियन. पाऊण इंची. काकी, काय झालंय हिला?"

मी म्हटलं, "ठिबकतं."

"नवी घेऊ नका. आतली रबराची कडी दबून चपटी झालीय तेवढी बदला. आणि पान्याने आवळू नका, हाताने जेवढी आवळेल तेवढीच." मग हसून म्हणाला, "घरात पुरुषमाणूस नाही का कोणी?"

मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, त्याला कळलं नसावं.

अशा दोन-चार खेपांत मला बरंच कळलं. पाइप वळवायचा तिथे एल्बो. एका पाइपाचे दोन करायचे तिथे टी. दोन सरळ तुकडे जोडायला कपलर. युनियन अशासाठी की पाइप न कापता जोड मधेच उघडता यावा. नळाची कडी पाइपाच्या दिशेने असली तर पाणी चालू, आडवी असली तर बंद. सोल्यूशन लावून चिकटवलेला जोड पुन्हा सुटत नाही, तो कापावाच लागतो. आट्यांचा जोड सुटतो, पण त्याला आधी पांढरी टेप गुंडाळावी लागते, आणि नट ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूने गुंडाळावी लागते. उलटी गुंडाळली तर आवळताना ती उलगडते. काचेला भोक पाडून जो कनेक्टर बसवलेला असतो त्याच्या रबरी वायसरला कधी विनाकारण हात लावायचा नाही. हे मी माझ्या चुकीने शिकले आणि एक सकाळ फरशी पुसण्यात गेली.

मी कपाटात डोकं घालून बसले की हे वरून बघायचे. मी विचारायची, "हा जोड का?" डोळे मिटले की मी हात घालायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं एका कामाला अशी कधी बसलो नव्हतो.

मग माझा भाऊ आला. तो अजून मिठागरावर आहे, पेण तालुक्यात खाडीच्या कडेला. फुटका बांध भरण्यात त्याच्यासारखा माणूस त्या पट्ट्यात नाही असं सगळे म्हणतात. सकाळच्या गाडीत जिते स्टेशनवर बसला आणि जेवायच्या आधी घरी पोचला. सुकट आणली होती. ह्यांच्या कॉटवर बसून गप्पा मारत होता. ह्यांना बोलता येत नाही याचं त्याला काही वाटत नाही, तो दोघांचंही बोलतो.

बोलता बोलता त्याची नजर टाकीमागच्या भिंतीकडे गेली.

"गो बाय, ही भित वली कशी?"

मी म्हटलं, "ओल आली असेल."

"ओल नाय ही. पानी गलतंय." तो स्टुलावर चढला आणि त्याने टाकीवरचं झाकण सरकवलं. "ये इकडं. बघ. पाइपाला भोक हाय."

मी बघितलं. पाणी वर आणणारा पाइप टाकीच्या काठावरून वळून आत खाली जातो. त्या वळणाच्या खाली, पाण्याच्या जरा वर, बारीक भोक होतं. त्यातून पाण्याची दोऱ्यासारखी धार झाकणावर उडत होती आणि झाकणावरून भिंतीला लागत होती. इतके दिवस मी दाणे पुढच्या बाजूने टाकायची, मागे कधी बघितलंच नव्हतं, सगळं लक्ष खाली कपाटात.

भाऊ ह्यांना म्हणाला, "दाजी, कंपनीनं तुमाला पगार तरी कसा दिला? घरच्या पाइपाला भोक, नि तुम्ही लोकांचे पाइप नीट करता."

हे ओरडले. 'आ' नव्हे, मोठ्याने, घसा ताणून. डावा हात कॉटच्या लोखंडावर आपटला.

"बघ, लागलं दाजीला," भाऊ हसत म्हणाला. "मस्करी केली, दाजी. थांबा, आता भरतो."

मला वाटलं ह्यांना लघवीला लागली. मी भांडं आणलं. त्यांनी ते डाव्या हाताने ढकललं, ते फरशीवर पडलं. मी म्हटलं, "अहो, थांबा जरा, भाऊ आलाय ना." आणि पुसायला लागले. ते ओरडतच होते. मी दार लोटून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून.

आमच्याकडे बांधाला भोक दिसलं की कोणी पुढे जात नाही. खेकड्याचं बीळ असो की उंदराचं, मिठागर आपलं असो की दुसऱ्याचं, खाली बसायचं, चिखलाचा गोळा करायचा, भोकात दाबायचा आणि मगच वाट धरायची. माझी आत्या लग्नाला निघालेली, नवी साडी, तिने वाटेत बसून असं बीळ बुजवलेलं मी लहानपणी पाहिलंय. हात खाडीत धुतले आणि गेली. कोणी शिकवत नाही, कोणी सांगत नाही. एक भोक राहिलं तर उधाणाला तिथेच खांड पडते, बांध फुटतो आणि कोणाचं तरी वर्षाचं मीठ जातं. भोक मुद्दाम पाडलेलं असू शकतं हे आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

घरात दोन गोळे एकत्र मळून लावायचं सील होतं, मीच आणलेलं. भावाने ते मळलं. "चिखलाचाच भाऊ हाय हा," म्हणाला. मोटर थांबवायचीही त्याला गरज वाटली नाही. वाहत्या पाण्यावर गोळा दाबून धरला, अंगठ्याने कडा बसवल्या. धार थांबली. भिंतीवरून हात फिरवून तो खाली उतरला.

हे गप्प झाले होते. भाऊ म्हणाला, "आता बरं वाटलं दाजीला."

संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

त्याच आठवड्यात लाइनच्या दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. सकाळी मी दवाखान्यात गेले, ह्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. अशी कुठे गेले तर नणंद येऊन बसते. त्या दिवशी म्हटलं, लगेच तर येते, तिला कशाला त्रास. बाहेरून कडी लावली. निघाले तेव्हा वीज होती. दवाखान्यात पोचले आणि ती गेली. तिथलंही काम अडलं. खिडकीतली मुलगी म्हणाली बसा, येईल आता. आम्ही सगळे बसलो. कितीतरी वेळ बसलो. शेवटी तिने हाताने लिहून गोळ्या दिल्या.

घरी आले तर दारातून पाणी पायरीवर येत होतं.

आत फरशीभर पाणी होतं. कपाटातली लहान टाकी काठोकाठ भरून वाहिली होती. वरची रिकामी होती, तळातले खडे उघडे पडले होते, आणि त्या खड्यांवर मासा आडवा पडला होता. त्याची वरची बाजू सुकून खरखरीत झाली होती.

ह्यांचं तोंड टाकीकडेच होतं. दुसरीकडे वळायला त्यांना मदत लागते. मी जवळ गेले तर डाव्या हाताची बोटं सोललेली, कॉटच्या लोखंडाला रक्त लागलेलं. ते हात आपटत राहिले होते. शेजारीण नंतर म्हणाली, "आवाज येत होता हो, मला वाटलं तुमच्याकडे काही ठोकाठोक चाललीय. तुमचं नेहमी चालूच असतं ना."

मी ह्यांच्या बोटांना हळद लावली. मासा कागदात गुंडाळून परसात पुरला. नणंद आली, तिने माझ्याबरोबर पाणी काढलं. ती तोंडाने फटकळ आहे, पण हाताने कामाची. पोतेरं पिळत म्हणाली, "वयनी, सुटलीस बघ. माणसाचं करता करता तुझा जीव चाललाय, त्यात ह्या डबक्याचं कोण करणार? भंगारात घाल ते."

मी बादली पुढे ओढली. ती ह्यांच्याजवळ गेली. "काय रे, देऊ ना काढून?" ह्यांनी डोळे उघडेच ठेवले. म्हणजे नाही.

रिकामी टाकी ह्यांच्यासमोर ठेवणं मला बघवेना. दोन-तीन दिवसांनी मी बादल्यांनी ती भरली आणि मोटर लावली. पाणी नेहमीसारखं फिरू लागलं. सगळे जोड हाताने चाचपले. कुठेही थेंब नव्हता. मग इतकं पाणी गेलं कुठून, मला कळेना. म्हणून मी मोटर बंद केली, त्या दिवशी वीज गेली होती तशी, आणि बसून राहिले.

पाइपात घळघळ सुरू झाली. हा आवाज मला माहीत होता. एरवीही वीज गेली की थोडी घळघळ व्हायची, मग फुस्स असा आवाज यायचा आणि सगळं शांत व्हायचं. या वेळी फुस्स झालंच नाही. वरचं पाणी उतरतच राहिलं. ज्या पाइपातून मोटर पाणी वर चढवते त्याच पाइपातून ते उलटं खाली येत होतं, आणि त्या पाइपाचं वरचं तोंड तर टाकीच्या तळापर्यंत गेलेलं. खालची टाकी काठाशी आली तेव्हा मी मोटर लावली. पुन्हा बंद केली. तेच झालं. या वेळी मी वर बघत होते. पाणी भावाने लावलेल्या गोळ्यापासून खाली खाली गेलं आणि जातच राहिलं.

तिथे भोक उघडं असतं तर मोटर थांबल्यावर त्यातून हवा आत शिरली असती, पाइपातली ओढ तुटली असती आणि पाणी एवढंसं उतरून थांबलं असतं. ते फुस्स म्हणजे ती हवा होती. भोक त्यासाठीच पाडलेलं होतं.

मोटर लावून मी ह्यांच्याजवळ जाऊन बसले.

"पाइपाचं भोक तुम्ही पाडलं होतं?"

डोळे मिटले.

"भाऊ बुजवत होता तेव्हा तुम्ही हेच सांगत होतात?"

डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मी तिथेच बसून राहिले.  मी भांडं आणलं होतं. मी दार लोटून घेतलं होतं. पडल्यापासून एवढ्या महिन्यांत त्यांनी मला सांगायचा प्रयत्न केलेली तीच सगळ्यांत मोठी गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. एल्बो, कपलर आणि हातभर पाइप मागितला, या वेळी तोंडाने. दुकानदार म्हणाला, "काकी, आता तुम्ही माझ्या पोटावर पाय आणणार." घरी येऊन मी गोळा लागलेला तुकडा करवतीने कापला आणि नवा चिकटवला. दाभण गॅसवर लाल करून जुन्या भोकाच्या जागी पाइपात आरपार नाही, एकाच बाजूने घातलं. झाकण थोडं आत सरकवलं, म्हणजे धार भिंतीला लागणार नाही. सोल्यूशन वाळल्यावर मोटर चालवली आणि बंद केली. घळघळ झाली, पाणी दोन बोटं उतरलं, फुस्स झालं आणि थांबलं.

मी म्हटलं, "बघा, थांबलं."

हे छताकडे बघत होते.

"मासा आणू दुसरा?"

डोळे उघडे.

"दोन-चार लहान आणू?"

उघडेच.

"टाकी काढू मग?"

तेही नाही.

म्हणून टाकी तशीच आहे. त्यात नुसतं पाणी फिरतं. येणारे-जाणारे विचारतात, मासे कुठे गेले. मी सांगते, आणायचेत.

मासा मेला त्या दिवसापासून ह्यांनी आवाज काढलेला नाही. तहान लागली तरी नाही, कूस दुखली तरी नाही. मी विचारलं तर डोळ्यांनी सांगतात, तेही कधी सांगतात, कधी नाही. व्यायामाच्या बाईंनी खूप प्रयत्न केले. त्यांच्यासमोर तोंड उघडून 'आ' म्हणून दाखवलं, त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून घेतला. हे त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिले. जाताना बाई ओट्यावर थांबल्या, चपला घातल्या आणि गेल्या. आता त्या पूर्वीएवढ्या येत नाहीत.

मला वाटतं ह्यांना वाचा येऊ नये असं वाटत नसेल. कोणाला सांगायचं, हा प्रश्न असेल. जिवाच्या आकांताने सांगितलं तर समोरचं माणूस लघवीचं भांडं घेऊन आलं.

भावाचा फोन येतो. गावात त्याने सगळ्यांना सांगितलंय की रोह्याला दाजीच्या टाकीचं भोक मी भरून आलो.

"गलतं काय गो आता?"

"नाय. आता नाय गळत."

"भित सुकली?"

"व्हय, सुकली."

"आनि मासा? मोठा झाला असंल."

मी म्हणते, "हाय." त्याला काय सांगू? तो सांगितलेलं मनाला लावून घेणारा आहे. तो लगेच गाडीत बसेल, ह्यांच्या पायाशी येऊन बसेल, आणि ह्यांना पुन्हा ते सगळं ऐकावं लागेल.

आता मी घरात कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी विचारते. पंखा वाढवू का, खिडकी लावू का, आज भात मऊ करू का. विचारून झालं की लगेच उठत नाही. त्यांचा चेहरा बघत बसते. नणंद म्हणते, "एक घास भरवायला अर्धा तास लावतेस." लावते.

काल स्पंज धुवायचा होता. कपाट उघडून खाली बसले. मोटरच्या पुढचा नळ आधी बंद करायचा की युनियन आधी सोडवायची, हे मला आता झोपेतसुद्धा माहीत आहे. तरी मी वळून विचारलं, "आधी नळ बंद करू ना?"

ह्यांनी डोळे मिटले. मी उघडायची वाट बघत राहिले. श्वास संथ होत गेला. त्यांनी मला हो म्हटलं होतं की विचारता विचारता त्यांना झोप लागली होती, ते मला सांगता येणार नाही. पाणी वरून खाली पडत होतं. थोड्या वेळाने मी मोटर बंद केली, नळाची कडी आडवी केली आणि युनियन सोडवायला लागले.